खासदाराने सभागृहात नेमकं काय केलं, हे शोधायचं कसं?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात आमच्याकडे खासदारसाहेबांचा कार्यअहवाल आला, गुळगुळीत कागद, चाळीस पानं, पानापानावर उद्घाटनाचे फोटो. माझे वडील एसटीत कंडक्टर होते, त्यांना हिशोबाची फार सवय, तिकिटं आणि पैसे जुळल्याशिवाय त्या काळी जेवायला बसायचे नाहीत. त्यांनी चष्मा लावून अख्खं पुस्तक वाचलं आणि मला म्हणाले, "ह्यात सगळं आहे, पण ह्यानं तिथं कुठल्या कायद्याला हो म्हटलं न् कुठल्याला नाही, ते कुठं लिहिलंय?"
मी म्हटलं नेटवर असेल, दहा मिनिटात काढून देतो. त्याला आता चार संध्याकाळी झाल्या. हजेरीची टक्केवारी मिळाली, प्रश्नांचा आकडा मिळाला, पण मत काही सापडत नाही. अहवालात "संसदेत आवाज उठवला" असं अकरा वेळा लिहिलंय (वडिलांनी मोजलं). आमच्या गावाजवळच्या रेल्वे फाटकाचा प्रश्न मांडल्याचंही एका ओळीत आहे, फाटक मात्र अजून तिथंच आहे आणि दिवसातून कितीतरी वेळा लोक त्यापुढे ताटकळतात, शाळेची पोरं, दुधाच्या गाड्या, एकदा तर बाळंतीण घेऊन निघालेली जीप.
तर माझा साधा प्रश्न. आपल्या खासदाराचं आणि आमदाराचं मत कुठे बघायचं? आणि ते मिळत नसेल तर त्यांचं काम मोजायचं कशावरून?

औरंगपुरा
आमच्या शहराला एकदा शोधावं लागलं नव्हतं. २० सप्टेंबर २०२३, महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असं मंजूर झालं, त्या दोनातलं एक ओवैसींचं आणि दुसरं आमचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांचं. ओबीसी आणि मुस्लिम महिलांना त्यात वेगळा वाटा नाही हे कारण त्यांच्या पक्षाने दिलं. मला ते मत अजिबात पटलं नव्हतं, आमच्या घरात त्यावरून भांडण झालं. पण मत दिलं, कारण दिलं आणि नाव लागलं, एवढं तरी कळलं ना. बाकीच्या पाच वर्षांत शेकडो विधेयकं गेली असतील, त्यात कुणी काय केलं ते मलाही सांगता येणार नाही.

वकील_नागपूर
कृष्णाकाठ, तुम्हाला मत सापडत नाही यात तुमची चूक नाही, बहुतेक वेळा ते नोंदवलंच जात नाही. संसदेत नेहमीची पद्धत आवाजी मतदानाची. अध्यक्ष विचारतात, बाजूचे 'होय' म्हणतात, विरोधातले 'नाही' म्हणतात, अध्यक्ष कानाने ठरवतात आणि विधेयक मंजूर. कोण ओरडलं, कोण गप्प बसलं, कोण त्यावेळी कॅन्टीनमध्ये होतं, काही नोंद नाही.
नावानिशी नोंद होते ती मतविभागणी झाली तर. कुणीतरी सदस्याने निकालाला हरकत घेऊन ती मागावी लागते, मग घंटी वाजते, दारं बंद होतात, बटणं दाबली जातात. घटनादुरुस्तीला मात्र ती टळत नाही, कारण कलम ३६८ प्रमाणे एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश, हे मोजूनच सिद्ध करावं लागतं. महिला आरक्षण घटनादुरुस्ती होती म्हणून ४५४ आणि २ हे आकडे आपल्याला माहीत आहेत. साधं विधेयक असतं तर औरंगपुरा यांच्या घरातलं भांडणही झालं नसतं.
आणि मागितली की मिळतेच असंही नाही. २० सप्टेंबर २०२०, राज्यसभा, शेतीची विधेयकं. विरोधक मतविभागणी मागत होते, गोंधळ चालू होता, उपसभापतींनी आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित. पुढच्या वर्षी २९ नोव्हेंबरला तेच कायदे रद्द करणारं विधेयक दोन्ही सभागृहात एकाच दिवसात, चर्चेशिवाय, पुन्हा आवाजीच. म्हणजे एवढं मोठं आंदोलन ज्यावरून झालं, ते कायदे करताना आणि रद्द करताना माझ्या खासदाराने काय केलं याचा कागद माझ्याकडे नाही. मला हे फार लागतं.

शेवंती
बापरे. मला वाटायचं प्रत्येक विधेयकाला बटण दाबतात, टीव्हीवर हिरवे-लाल दिवे बघितले होते म्हणून.

बिनसाखर
वकीलसाहेब, गोंधळात अध्यक्षांनी करायचं काय मग? लोक वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरून कागद फाडतायत, अशात मतविभागणी घेणार कशी, सदस्य आपापल्या जागेवर असायला हवेत ना. मागणाऱ्यांनी आधी जागेवर बसावं.

वकील_नागपूर
बिनसाखर, जागेवर असायला हवं हे बरोबर, आणि नेमका कोण कुठे होता यावरच तेव्हा वाद झाला. पण नियमाचा जीव हाच आहे की एकाही सदस्याला निकालाबद्दल शंका असेल तर ती मोजून मिटवावी. सभागृह दहा मिनिटं थांबवून मोजता येतं. सत्तेत कोण यावर माझं मत बदलत नाही, आपल्या विधानसभेचंच बघा. १२ नोव्हेंबर २०१४, फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव. भाजपच्या १२२ जागा, २८८ च्या सभागृहात बहुमताला १४५ लागतात. ठराव आवाजी मतदानाने मंजूर! शिवसेना आणि काँग्रेस मतविभागणी मागत राहिले, तोवर कामकाज पुढे गेलं होतं. सरकार टिकलं हे ठीक, पण कुणाच्या जोरावर टिकलं ते नावानिशी कधीच नोंदलं गेलं नाही.

झेंडू
२०२२ ला मात्र मोजलं होतं, टीव्हीवर दिवसभर बघत बसलो होतो. ओळीने एकेक आमदार उभा राहायचा, नाव आणि क्रमांक सांगायचा. आमच्या आजीने आमच्या आमदाराला तेव्हा पहिल्यांदा बोलताना ऐकलं, म्हणाली "आवाज चांगलाय की ह्याचा."

वकील_नागपूर
हो, शिरगणती. ४ जुलै २०२२ ला शिंदे सरकारच्या बाजूने १६४, विरोधात ९९. त्याआधी ३० नोव्हेंबर २०१९ ला ठाकरे सरकारच्या वेळी १६९ विरुद्ध शून्य, कारण भाजपने सभात्याग केला, आणि चार जण तटस्थ राहिले. ही नोंद असली की तीस वर्षांनीही कुणीही काढून बघू शकतो.

लंडनवारी
मी गेली सोळा वर्षं इंग्लंडमध्ये आहे, मूळ सोलापूरची. इथलं सांगते. इथे खासदार मत द्यायला उठून लॉबीतून चालत जातात, बाजूचे एका दारातून, विरोधातले दुसऱ्या, आणि त्याच दिवशी कोण कुठून गेलं ती नावांची यादी साईटवर येते. काही हौशी लोकांनी वीसेक वर्षांपूर्वी 'दे वर्क फॉर यू' नावाची साईट सुरू केली, आपला पिनकोड टाकला की आपला खासदार येतो, त्याची मतं विषयवार, पक्षाविरुद्ध किती वेळा गेला तेही. माझ्या खासदाराने घरभाड्याच्या कायद्यावर काय केलं ते मी चहा उकळेपर्यंत बघू शकते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं, खरंच सांगते, कारण आमच्या गल्लीत नगरसेवक कोण हे सुद्धा आम्हाला निवडणुकीच्या बॅनरवरून कळायचं.

बिनसाखर
लंडनवारी ताई, तिथे ते जमतं कारण तिथला खासदार पक्षाविरुद्ध जाऊ शकतो. आपल्याकडे नोंद ठेवून उपयोग काय? पक्षादेश निघाला की सगळे एका रांगेत. मतविभागणीची यादी म्हणजे पक्षाची हजेरी. ५४३ नावं बघण्यापेक्षा पक्षाचं नाव बघा, संपलं.

लंडनवारी
तुमचं म्हणणं समजतं. इथे मार्च २००३ ला इराक युद्धाच्या वेळी सत्ताधारी मजूर पक्षाचेच १३९ खासदार पंतप्रधानांच्या विरोधात गेले, कुणाचीही खासदारकी गेली नाही. जुलै २०२४ मध्ये सात जणांनी मुलांच्या भत्त्यावरून पक्षाविरुद्ध मत दिलं, पक्षाने त्यांना संसदीय गटातून सहा महिन्यांसाठी निलंबित केलं, पण खासदार म्हणून ते राहिलेच. हा फरक आहे खरा.

वकील_नागपूर
फरकाचं नाव घटनेची दहावी अनुसूची, म्हणजे आपला पक्षांतरबंदी कायदा. १९८५ ची ५२ वी घटनादुरुस्ती. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा नुसतं गैरहजर राहिलं तरी अपात्रता, पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं तर वाचला. आयाराम-गयाराम थांबवायला आणला होता, हेतू चांगलाच होता. पण पक्षांतर आणि एखाद्या विधेयकावर वेगळं मत, या दोन गोष्टींना त्याने एकच शिक्षा ठेवली. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सांगितलं होतं की अपात्रता फक्त विश्वास-अविश्वास ठरावासारख्या मतदानापुरती ठेवा. ते कुणी मनावर घेतलं नाही, कारण सत्तेत कुणीही असो, आपला सदस्य हातात राहिलेला सगळ्यांनाच बरा.

मांडवीकाठ
आणि पक्षांतर तरी कुठे थांबलं? आमच्या गोव्यात २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांना देवळात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात नेऊन शपथा दिल्या होत्या, पक्ष सोडणार नाही म्हणून. निवडून आले अकरा. १४ सप्टेंबर २०२२ ला त्यातले आठ भाजपात. अकराचे दोन तृतीयांश म्हणजे आठच, विलीनीकरणाचा अपवाद बरोबर लागू. एकटा माणूस एका विधेयकावर मनाने मत देईल तर जातो घरी, आणि आठ जण मिळून पक्षच बदलतील तर राहतात. आमच्या गावात लोकांना आता मत दिल्याचं वाईट वाटतं.

आकडेमोड
धागा छान चाललाय पण मूळ प्रश्न बाजूला पडला. मी गेली सहा वर्षं आमच्या खासदाराची नोंद ठेवतोय, रविवारी सकाळी अर्धा तास, एक साधी गूगल शीट. जे कळलं ते सांगतो.
मतं थोडी असतात पण असतात. लोकसभेच्या वादविवादाच्या छापील प्रतीत मतविभागणी झाली असेल तिथे बाजूने आणि विरोधात अशी नावांची यादी येते. संसदेच्या साईटवरून तारखेप्रमाणे उतरवायची आणि नाव शोधायचं. एक काळजी घ्या, यंत्रावरचा पहिला आकडा अंतिम नसतो. १७ डिसेंबर २०२४ ला 'एक देश एक निवडणूक'च्या विधेयकाच्या वेळी, नव्या इमारतीत पहिल्यांदाच यंत्राने मतदान झालं, यंत्रावर २२० विरुद्ध १४९ दिसले, ज्यांचं मत यंत्रावर लागलं नाही किंवा चुकलं त्यांच्या चिठ्ठ्या मोजल्यावर २६९ विरुद्ध १९८ झाले. पहिल्या यादीवरून तुमचा खासदार गैरहजर होता असं लिहिलंत तर अन्याय होईल. आणि बिनसाखर, तुमच्या मुद्द्याला उत्तर यातच आहे. त्या दिवशी पक्षादेश असूनही सत्ताधारी पक्षाचे वीसेक खासदार नव्हते, बातम्या आल्या, नोटिसांची चर्चा झाली. म्हणजे कोण नव्हतं हीसुद्धा माहितीच आहे की.
दुसरं, हजेरी. पीआरएस म्हणजे संसदेच्या कामाचा अभ्यास करणारी संस्था, तिच्या साईटवर प्रत्येक खासदाराचं पान आहे, हजेरी, चर्चेतला सहभाग, प्रश्न, खासगी विधेयकं (मंत्री नसलेल्या खासदाराने स्वतः मांडलेली), शेजारी राज्याची आणि देशाची सरासरी. मतं तिथे नाहीत. आणि मंत्र्यांच्या नावापुढे हजेरी दिसणार नाही कारण मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, ते प्रश्नही विचारत नाहीत, उत्तरं देतात. दर निवडणुकीत कुणीतरी "अमुक मंत्र्याचे पाच वर्षांत शून्य प्रश्न" असं फॉरवर्ड करतं, ते खोडत बसणं हे माझं दुसरं रविवारचं काम.

शेवंती
हजेरी म्हणजे दिवसभर बसले असं का?

आकडेमोड
नाही ताई, त्या दिवशी नोंद केली एवढंच. सकाळी नोंद करून अकराच्या प्रश्नोत्तराच्या तासाला बसून दुपारी विमान पकडलं तरी तो दिवस हजर. म्हणून मी हजेरीला शीटमध्ये शेवटचा रकाना दिलाय. पन्नास टक्क्यांच्या खाली असेल तर चिंता करावी, पंच्याऐंशी का ब्याण्णव यावर वाद घालू नये.

झेंडू
सचिनची हजेरी आठवली. २०१२ ते २०१८ राज्यसभेत, दहा टक्क्यांच्याही खाली. मी कट्टर चाहता, तरी वाईट वाटलं होतं. पण त्याने धाराशिव जिल्ह्यातलं डोंजा गाव दत्तक घेतलं होतं, माझी मावशी त्याच भागातली, ती त्याच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाही.

मु_पो_वाशीम
मी जरा वेगळं बोलू का. दोन वर्षांपूर्वी माझ्या आईला मेंदूत रक्तस्राव झाला, मोठ्या दवाखान्यात बेड नाही म्हणाले. रात्री साडेअकराला खासदाराच्या पीएला फोन लावला, ओळख नाही पाळख नाही, त्या माणसाने पाऊण तासात बेड मिळवून दिला. आई आज चालतीबोलती आहे. त्याच्या साहेबाने दिल्लीत कोणतं बटण दाबलं ते मला शोधावंसं वाटत नाही, आणि माझ्यासारखे लाखो आहेत. त्यांना वेडे समजू नका.

लंडनवारी
वाशीमकर दादा, तुमच्या आई बऱ्या आहेत हे वाचून फार बरं वाटलं. वेडं कुणीच समजत नाहीये.

आकडेमोड
दादा, तो पीए चांगला माणूस होता आणि साहेबही असतील. पण त्या रात्री ज्याला फोन नंबर सापडला नाही त्याच्या आईचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. बेड किती असावेत ते शेवटी ठरतं अर्थसंकल्पात, आणि अर्थसंकल्पावर बोलणं हे खासदाराचं दिल्लीतलं पहिलं काम. २३ मार्च २०२३ ला लोकसभेने सगळ्या खात्यांच्या मागण्या, जवळजवळ ४५ लाख कोटी, चर्चेशिवाय मंजूर केल्या. गोंधळ चालू होता, गिलोटिन लावलं, म्हणजे उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकल्या, संपलं. आरोग्य खात्याच्या मागण्यांवर त्या वर्षी एकाही खासदाराला बोलता आलं नाही. तुमच्या भागातल्या दवाखान्याचा विषय तिथे निघायला हवा होता.

मु_पो_वाशीम
हे मला माहीत नव्हतं. विचार करतो.

तळकोकण
राजापूर मतदारसंघात वाढलो म्हणून राहवत नाही. आमच्याकडे १९५७ पासून बॅरिस्टर नाथ पै आणि १९७१ पासून मधु दंडवते, चौतीस वर्षं दोनच माणसं, दोघेही बहुतेक काळ विरोधी बाकावर. वडील सांगायचे, पोस्टातून पेपर उशिरा यायचा तरी नाथ पैंचं लोकसभेतलं भाषण छापून आलं की दुकानात मोठ्याने वाचून दाखवायचे, ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांना अक्षरओळख नसायची. त्यांनी रस्ते किती आणले हे मला सांगता येणार नाही. पण १९६७ ला संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत असा सर्वोच्च न्यायालयाचा गोलकनाथ निकाल आल्यावर घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार परत मिळावा म्हणून खासगी विधेयक आणणारा माणूस आमच्या कोकणातला, हे आम्हाला शाळेत असताना अभिमानाने सांगितलं जायचं. विधेयक मंजूर होण्याआधीच, जानेवारी १९७१ मध्ये ते गेले. त्याच वर्षी २४ व्या घटनादुरुस्तीने सरकारने तेच केलं.

वकील_नागपूर
नाथ पैंबद्दल आदर आहेच, त्या विधेयकाशी मात्र मी तेव्हा असतो तर भांडलो असतो! मूलभूत हक्क बदलण्याची मोकळीक संसदेला देणं किती धोक्याचं ते चार वर्षांतच आणीबाणीत दिसलं. पण बघा, पन्नासहून अधिक वर्षांनी आपण दोघे त्यावर वाद घालू शकतोय, कारण त्यांनी काय मांडलं ते शब्दन् शब्द नोंदलेलं आहे.
खासगी विधेयकांचं सांगायचं तर आजवर फक्त चौदा कायदे झालेत, शेवटचा १९७० मध्ये. त्यातला एक १९५६ चा फिरोज गांधींचा, संसदेत जे बोललं गेलं ते वर्तमानपत्रांना खटल्याच्या भीतीशिवाय छापता यावं म्हणून. आणीबाणीत तो रद्द केला, १९७७ मध्ये परत आला, मग ४४ व्या दुरुस्तीने तेच संरक्षण थेट घटनेत गेलं. तळकोकण यांच्या वडिलांच्या दुकानातलं वाचन त्या कायद्याच्या आधाराने चालायचं म्हणा ना.

तळकोकण
हे वडिलांना सांगायला हवं होतं. आता नाहीत ते.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, मी रोज रात्री वडिलांना वाचून दाखवतोय, आवाजी मतदानाचं ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत. आकडेमोड, प्रश्नांचं जरा सांगा ना. अहवालात "चारशेहून अधिक प्रश्न" असं आहे. चारशे म्हणजे चांगलंच ना?

आकडेमोड
चारशे उघडून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. लोकसभेत रोज वीस तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. तारांकितला मंत्री उभा राहून उत्तर देतो, त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतो, अतारांकितचं उत्तर लेखी. कुणाचा लागणार ते सोडतीने, त्यामुळे तारांकित कमी दिसले तर दोष देऊ नका. पण मजकूर वाचा. एकाच प्रश्नाखाली चार-पाच खासदारांची नावं असतात, कधी शब्दही जवळजवळ सारखे, कारण लिहिणारं कार्यालय कुणाचं तरी दुसऱ्याचंच. काही प्रश्न असे की "देशातील एकूण अमुक किती, राज्यनिहाय तपशील द्या", ते वाईट नाहीत पण आकडा वाढवायला सोपे. मी तीन रंग केलेत, मतदारसंघाशी जोडलेला प्रश्न हिरवा, राज्याचा पिवळा, बाकी पांढरा. आमच्या खासदाराची शीट पहिल्या वर्षी जवळजवळ पांढरी होती.
हो, आणि प्रश्न कुणासाठी विचारला तेही मनात ठेवा. डिसेंबर २००५ ला पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल अकरा खासदार संसदेतून काढले गेले, त्यातले दोन आपल्या खानदेशातले. प्रश्नांची संख्या त्यांचीही वाईट दिसली नसती.
सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे स्थायी समित्या. खात्यांच्या २४ समित्या, प्रत्येकीत दोन्ही सभागृहांचे मिळून ३१ सदस्य, बैठका बंद दाराआड, कॅमेरा नाही म्हणून तिथे बरंच काम शांतपणे होतं. अहवाल छापले जातात आणि मागे बैठकांची इतिवृत्तं जोडलेली असतात, त्यात कोण हजर होतं ती नावं. माझा खासदार सभागृहात फार बोलत नाही म्हणून मी नाराज होतो, मग समितीच्या इतिवृत्तात बघितलं तर जवळजवळ प्रत्येक बैठकीला नाव. मी शीटमध्ये वर लाल अक्षरात लिहिलेला शेरा त्या दिवशी पुसला.

बिनसाखर
हे समितीचं खरंच माहीत नव्हतं. मागे घेतो, पक्षाचं नाव बघून संपत नाही.

शेवंती
आमदारांचं पण असं मिळतं का?

वकील_नागपूर
कमी मिळतं. विधानमंडळाच्या साईटवर प्रश्नांच्या याद्या आणि कार्यवाही आहे, शोधायला चिकाटी लागते. मुंबईच्या आमदारांसाठी प्रजा फाउंडेशन प्रगतीपुस्तक काढतं, त्यांनाही माहिती अधिकारातून माहिती गोळा करावी लागते. मी एकदा एका कार्यालयात हजेरीसाठी अर्ज टाकला, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून, तीस दिवसांनी उत्तर आलं की माहिती "संकलित स्वरूपात उपलब्ध नाही". अपील केलं, तेव्हा मिळाली. कंटाळू नका.
आणि उत्तरांची भाषा शिकून घ्या. "हे खरे आहे काय" असा प्रश्न, त्यावर "हे खरे नाही" किंवा "अंशतः खरे आहे", आणि शेवटी "प्रश्न उद्भवत नाही". यातलं 'अंशतः खरे आहे' दिसलं की थांबून वाचा, खरी गोष्ट त्याच्या पुढच्या ओळीत असते. लोकसभेत "माहिती गोळा केली जात आहे, सभागृहापुढे ठेवली जाईल" असं उत्तर आलं तर ते सरकारचं आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि त्यावर लक्ष ठेवायला आश्वासन समिती आहे. खासदाराला पत्र लिहून विचारा, त्या आश्वासनाचं काय झालं.

कृष्णाकाठ
मंडळी, अकरा दिवसांनी येतोय, पण काम करून आलोय. आकडेमोड यांच्या पद्धतीने सगळे प्रश्न उतरवले. चारशे बारा निघाले. वडिलांनी जुन्या वहीत रेघा मारून रकाने आखले, मी वाचायचो, ते लिहायचे. हिरवे निघाले एकोणीस. मतविभागण्यांच्या ज्या याद्या सापडल्या त्या सगळ्यांत नाव पक्षाबरोबर, दोनदा नाव नाही.
आणि फाटकाचा प्रश्न खरंच आहे! तीन वर्षांपूर्वीचा, अतारांकित. अहवालातली ती ओळ खोटी नव्हती. उत्तरात रेल्वेने लिहिलंय की उड्डाणपूल मंजूर आहे, खर्चाच्या वाट्याबद्दल राज्य सरकारची संमती आलेली नाही. तीन वर्षं आम्ही खासदाराच्या नावाने बोटं मोडत होतो, गावात कुणालाच हे माहीत नव्हतं, बहुधा खासदाराच्या ऑफिसातही पुढे कुणी बघितलं नाही, कारण त्यानंतर त्यावर एकही प्रश्न नाही. आता हे काम राज्याकडे आहे तर आमदाराकडे जायला हवं ना? आमदाराच्या प्रश्नांच्या याद्या चाळल्या, फाटकाचा उल्लेख कुठेच नाही.

आकडेमोड
कृष्णाकाठ, वाचून अंगावर काटा आला. काकांना माझा नमस्कार सांगा.

वकील_नागपूर
बरोबर, आता आमदार. रेल्वेच्या उत्तराची प्रत जोडा, प्रश्न क्रमांक आणि तारीख ठळक लिहा, आणि नुसतं निवेदन न देता प्रश्नाचा मसुदाच तयार करून द्या. आमदारांच्या ऑफिसला तयार मसुदा मिळाला की तो पुढे जाण्याची शक्यता वाढते. अधिवेशनाची तारीख जाहीर व्हायची वाट बघू नका, सूचना खूप आधी द्यावी लागते. खासदारालाही एक प्रत पाठवा, तीन वर्षांपूर्वी तुम्हीच विचारलं होतं म्हणून.

कृष्णाकाठ
वडिलांनी मसुदा लिहिला. जसाच्या तसा टाकतो, सुधारणा सांगा.
"(१) मौजे अमुक येथील रेल्वे फाटकावरील उड्डाणपुलास रेल्वे मंत्रालयाने मंजुरी दिली असून राज्य शासनाची संमती प्रलंबित असल्याचे लोकसभेतील लेखी उत्तरात नमूद आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, संमती न देण्याची कारणे काय आहेत, (३) सदर फाटक दिवसातून किती वेळा व किती मिनिटे बंद असते याची शासनाने मोजणी केली आहे काय?"
तिसऱ्यासाठी ते स्वतः गेले चार दिवस सकाळी सहा ते रात्री आठ फाटकाजवळच्या टपरीवर वही घेऊन बसतायत.

वकील_नागपूर
पहिले दोन उत्तम. तिसऱ्यात "केली आहे काय" विचारलं तर "नाही" एवढंच उत्तर येईल. काकांच्या वहीतले आकडे प्रश्नातच घाला, "दिवसातून इतक्या वेळा, एकूण इतकी मिनिटे बंद असते, हे खरे आहे काय", म्हणजे त्यांना ते खरं किंवा खोटं म्हणावं लागेल. आणि चौथा भाग जोडा, "संमती किती दिवसांत देण्यात येणार आहे, नसल्यास विलंबाची कारणे काय".

मु_पो_वाशीम
कृष्णाकाठ, तुमच्या वडिलांच्या वहीच्या पानाचा एक फोटो टाका ना इथे. आमच्याकडे पण एक फाटक आहे.